सामंतबाई आणि बुडालेली बिलं

मला वाचवलं ते सामंतबाईंनी. कशातून वाचवलं ते सांगतोच, पण आधी बाई सांगतो. माझ्यावर जे संकट आलं तसं कोणावरही येऊ शकतं. बाई मात्र दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही.

घाटकोपरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन मजली जुनी इमारत होती. तिथे दुसऱ्या मजल्यावर बाई भावाच्या कुटुंबात राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. अंधेरीच्या एका कंपनीत अकाउंट्सला होत्या. रविवारी सकाळी त्यांच्या दारावरून जाणाऱ्याला एक गोष्ट हमखास दिसायची. टेबलावर गोधडीची घडी, तिच्यावर पांढरं धोतराचं फडकं आणि हातात इस्त्री. इस्त्री चालायची ती कपड्यांवर नव्हे, कागदांवर. विम्याच्या हप्त्याच्या पावत्या, शाळेच्या फीच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, घरभाड्याच्या पावत्या. मार्च जवळ आला की इमारतीतले नोकरदार प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बाईंच्या दाराशी उभे राहायचे. "बाई, यंदा माझा टॅक्स किती कापतील हो?" बाई पिशवी गोधडीवर उलटी करायच्या. कोणाची पावती पाकिटात घामाने भिजलेली, कोणाची देवाच्या फोटोमागे वाळवीने खाल्लेली, कोणाच्या पावतीवर पोराने मोटारगाडी काढलेली. बाई एकेक कागद हाताने उलगडायच्या, वर फडकं टाकून इस्त्री फिरवायच्या आणि तारखेप्रमाणे लावायच्या.

"चुरगळलेला कागद साहेबाला खोटा वाटतो," त्या म्हणायच्या. "आपला कागद खरा आहे ना? मग त्याला खोट्याच्या वेषात का पाठवायचं?"

माझी त्यांची ओळख झाली ती इमारतीच्या पंपावरून. मी राजापूरकडचा. सातवीत शाळा सुटली, चुलत्याच्या ओळखीने मुंबईत आलो आणि एका गुजराती शेटच्या दुकानात जळलेल्या विजेच्या मोटारी बांधायला, म्हणजे त्यांचं वाइंडिंग करायला शिकलो. मग स्वतःचं काम सुरू केलं. या इमारतीच्या पाण्याची मोटार जळली तेव्हा ती मी नेली, तांब्याची नवी तार भरून आणून बसवली आणि पैसे मागायला वर गेलो. पंपाची वर्गणी बाईंकडे जमायची. त्यांनी बिल मागितलं. मी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, फाडून उलटं केलं आणि त्यावर आकडा लिहून दिला.

"हे काय?"

"बिल."

"हे पाकीट आहे."

"मागून बघा ना."

बाईंनी मागून बघितलं. "तारीख?"

"आजच दिली ना मोटार."

"आज म्हणजे कधी? पुढल्या वर्षी हा कागद बाहेर काढला तर तेव्हापण आजच असणार काय रे?"

बाईंनी आतून रेघांचा कागद आणला, पेन दिलं आणि समोर बसवून बिल लिहून घेतलं. नाव, पत्ता, तारीख, काम काय केलं, तार किती लागली, सही. मी लिहिलं ते वाचून म्हणाल्या, "अक्षर बरं आहे. कितवी?"

"सातवी."

"मग सातवीसारखं लिहायचं. पाकिटावरचं बालवाडीतलं होतं. आणि बिलबुक छापून घे."

मी छापून घेतलं. वर नाव, खाली पत्ता, मध्ये कार्बन घालायचा. मूळ बिल गिऱ्हाइकाला, नक्कल माझ्याकडे. त्या पुस्तकाचा मला इतका अभिमान होता की वर्षभर जमलेल्या नकला दोऱ्याने बांधून मी गणपतीला गावी न्यायचो. माझ्या बाबांना अक्षर वाचता येत नव्हतं. ते गठ्ठा तळहातावर तोलायचे आणि म्हणायचे, "यंदा बराच काम झाला की रे!" मग गठ्ठा गणपतीपुढे ठेवायचा, त्याला हळदकुंकू लावायचं आणि विसर्जनाच्या दिवशी निर्माल्याबरोबर गावच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडायचा. लिहिलेला कागद रद्दीत द्यायचा नाही, त्याची भेळेची पुडी होते, कोणाच्या तरी पायाखाली येतो, अशी आमच्या घरची समजूत. कागद पाण्यात गेला की वर्ष सुखरूप संपलं असं मला वाटायचं. पाच वर्षं मी हे नेमाने केलं.

आणि सहाव्या वर्षी इन्कमटॅक्सचं पत्र आलं.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता. आमच्या गावचे किती तरी लोक मुंबई सोडून परत जात होते आणि मी उलट त्याच सुमाराला पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांतून एक छोटा गाळा विकत घेतला होता. खाकी पाकीट त्या गाळ्याच्या पत्त्यावर आलं. मला इंग्रजी अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. माझं नाव मात्र टाइप केलेलं होतं आणि ते अगदी बरोबर होतं. ते बघताच मी पाकीट घेऊन धावत सुटलो.

वर्षाला एकदा माझी सही घेऊन फॉर्म भरणारा एक एजंट होता. त्याने पत्र वाचलं. "वाट लागली तुझी, चंदू. गाळ्याला पैसे कुठून आणले विचारतायत. मागच्या वर्षांची बिलं घेऊन बोलावलंय. दाखवली नाहीस तर सगळा पैसा दोन नंबरचा धरणार. टॅक्स वेगळा, दंड वेगळा. गाळा विकूनच भरावा लागेल बघ."

"बिलं नाहीत माझ्याकडे."

"मग छाप ना! नवी बुकं छाप, जुन्या तारखा टाक. सगळे तेच करतात यार."

मी भित्रा माणूस. भित्रा माणूस पटकन वाईट सल्ला ऐकतो. मी दोन बुकं छापून घेतली. आठवतील ती नावं आणि सुचतील त्या तारखा टाकून बिलं लिहिली. कागद नवाकोरा दिसतो म्हणून चहाचं पाणी शिंपडून गाळ्याच्या पत्र्यावर वाळत घातला. वाळल्यावर पुऱ्या फुगाव्यात तसा तो फुगला, त्याच्यावर लाटा उठल्या. आता अशा कागदाचं काय करायचं? आमच्या भागातल्या कोणालाही सुचलं असतं तेच मला सुचलं. मी तो गठ्ठा घेऊन रविवारी सामंतबाईंकडे इस्त्रीला गेलो.

बाईंनी पहिलं बिल फडक्याखाली घातलं. इस्त्री फिरवली. वाफ वर आली. बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"चंद्रकांत, या बिलाला चहाचा वास का येतोय?"

"सांडला."

"सगळ्यांवर?"

बाईंनी आणखी दोन-तीन कागद उचलून बघितले. मग चष्मा काढला. बाई मालवणच्या. एरवी अगदी ऑफिसचं मराठी बोलायच्या, पण संताप आला की मालवणी बाहेर यायची. "मेल्या, ह्यां काय केलंस? तुका लाज नाय वाटली?"

मी रडायला लागलो. तिशीला आलेला बाप्या, दोन पोरांचा बाप, आणि दारात भाजीवाला उभा. बाईंनी त्याला पुढे जायला सांगितलं, दार लोटलं आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मी पत्र दाखवलं. गाळा जाणार म्हणून सांगितलं.

"खरी बिलं कुठे आहेत?"

"बुडवली."

"म्हणजे?"

मी बाबांचं सांगितलं, गणपतीचं सांगितलं, पऱ्याचं सांगितलं. आधी बाईंचा चेहरा तसाच घट्ट होता. मग पदर तोंडाला गेला. मग खांदे हलायला लागले. शेवटी त्या टेबलाला धरून इतक्या हसल्या की आतून वहिनी विचारायला आली, काय झालं म्हणून. "वहिनी, यानं गणपतीबरोबर हिशेब पण पोचवलेत!"

हसू ओसरल्यावर म्हणाल्या ते मात्र मी विसरलेलो नाही. "चूक माझी पण आहे. मी तुला लिहायला शिकवलं, ठेवायला सांगितलंच नाही. सांगायला पाहिजे होतं." आणि चहाचा गठ्ठा उचलून बंबाकडे बोट दाखवलं. "हे तू स्वतःच्या हाताने जाळ. मोटारी तू खरोखर बांधल्यास ना? मग खऱ्या कामाला खोटा कागद लावायचा नाही. लावलास तर ते कामही खोटं होऊन बसतं."

"पण मग दाखवू काय?"

"अरे, बुडाली ती नक्कल. मूळ बिलं गिऱ्हाइकांकडे आहेत. ती कुठे पोहायला गेलीत?"

हे मला पत्र आल्यापासून एकदाही सुचलं नव्हतं.

पुढचे चार रविवार बाईंनी माझ्यासाठी ठेवले. गिऱ्हाइकांची यादी करायची होती आणि मला तारखा आठवत नव्हत्या. मला मोटारी आठवत होत्या. कुठली कशाने जळली, उघडल्यावर कसा वास आला, आत उंदराने घर केलं होतं का, हे मी आजही सांगेन. बाईंनी तिथूनच सुरुवात केली.

"उंदराची मोटार कुठली?"

"मालाडची पिठाची गिरणी."

"नेलीस त्या दिवशी तिथे काय चाललं होतं?"

"गिरणीवाला ओरडत होता. बायका उपासाची भाजणी दळायला आल्या होत्या, परत गेल्या."

"म्हणजे श्रावण किंवा नवरात्र. तू घरून काय खाऊन निघाला होतास?"

"काहीच नाही. बायकोचे घट बसले होते, तिला उशीर झाला."

"नवरात्र," म्हणून बाई लिहायच्या. "कुठलं नवरात्र? धाकटी झाली होती?"

"पोटात होती."

असं करत करत त्यांनी माझी पाच वर्षं माझ्याच तोंडून काढून घेतली. माझ्या पोरांचे जन्म, बायकोचं आजारपण, गावच्या फेऱ्या, सगळ्यांना मोटारी बांधलेल्या निघाल्या. मी थक्क होऊन बघत राहायचो. मध्येच मी घाबरून "बाई, जमेल ना?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "आधी तारीख, मग आकडा, मग रडणं. तुझा नंबर अजून आला नाही."

यादी घेऊन मी दारोदार फिरलो. मालाडच्या गिरणीवाल्याने पत्र्याच्या डब्यातून माझी बिलं काढली, त्यांच्यावर बोटभर पीठ होतं. "झटकू नकोस इथे, शिंका येतात," म्हणाला. कांदिवलीच्या डेअरीवाल्याने बिलं दिली आणि एक जुनी मोटारही गळ्यात मारली. काही ठिकाणी दुकानच बंद झालेलं, काही ठिकाणी मालक बदललेला. मुलुंडच्या एका सोसायटीत मात्र गाडं अडलं. माझं तिथलं काम सगळ्यात मोठं, चार पंपांचं. त्यांच्या सेक्रेटरीने मला दारातूनच परत पाठवलं.

त्याच्या पुढच्या रविवारी बाई छत्री घेऊन माझ्याबरोबर आल्या. सेक्रेटरी लुंगीवर पेपर वाचत बसला होता.

"जुनी बिलं कशाला पाहिजेत याला? काही तरी लफडं असणार."

"लफडं असतं तर हा आला असता का?" बाई न विचारता खुर्चीवर बसल्या. "चार मोटारी चालू आहेत ना तुमच्या?"

"त्या चालू आहेत."

"मग माणूस खरा आहे. आता बिलं. सोसायटीचं ऑडिट होतं ना?"

"होतं म्हणजे? दर वर्षी होतं."

"मग फाईल असणारच. नसेल तर तसं लिहून द्या, आमच्याकडे फाईल ठेवत नाहीत म्हणून. एवढ्यावर पण भागेल आमचं. पेन आहे माझ्याकडे."

सेक्रेटरीने बाईंकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं आणि आत जाऊन फाईल आणली. आम्ही ती बिलं हाताने उतरवून घेतली आणि त्यांवर त्याच्या सह्या आणि शिक्के घेतले. निघताना त्याने हळूच विचारलं, "बाई, तुम्ही खाजगीत टॅक्सचं काम करता का? माझी पण जरा भानगड आहे."

"तुमच्या पावत्या रविवारी घेऊन या," बाई म्हणाल्या. "लफडं असेल तर आणू नका."

तारखेच्या दिवशी बाईंनी ऑफिसात अर्धी रजा टाकली. कचेरीपर्यंत आल्या, पण आत यायला तयार होईनात. मी गयावया केली.

"मोटारी मी बांधल्या का? तू बांधल्यास. मग तूच बोलायचं. विचारतील तेवढंच सांग. जिथे कागद नाही तिथे नाही म्हणायचं. गोष्ट रचायला गेलास की मी इथून ओळखीन."

आतला साहेब तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. त्याने फाईल उघडली. एकेक कागद सपाट, वर्षाप्रमाणे लावलेला, प्रत्येक वर्षावर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी. तो बराच वेळ पानं उलटत होता.

"तिसऱ्या वर्षातले हे चार महिने? बँकेच्या पुस्तकात जमा दिसते, बिल एकही नाही."

ती बंद पडलेल्या दुकानांची कामं होती. जिभेवर तीन-चार कारणं आली. मी ती गिळली.

"त्याचा कागद नाही, साहेब."

"का नाही?"

मग मी पऱ्याचं सांगितलं. साहेबाने पेन खाली ठेवलं. हसला नाही. "वडील आहेत?" एवढंच विचारलं. "आहेत," म्हटलं. त्याने पुन्हा पेन उचललं आणि लिहायला लागला. ज्या कामांचा कागद नव्हता, तेवढी रक्कम त्याने उत्पन्नात धरली. तिच्यावरचा टॅक्स भरायचा होता. बाकी सगळं मान्य केलं. गाळ्याला हात लागला नाही.

बाहेर बाई बाकावर बसल्या होत्या. "किती धरले?"

मी सांगितलं.

"बरोबर धरले. तेवढे द्यायलाच पाहिजेत."

मी तिथेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "ऊठ मेल्या," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील बाईने याला मारलं."

त्यानंतर मी साडी नेली, परत आली. आंब्याची पेटी नेली, ती इमारतभर वाटली गेली, मला रिकामी पेटी मिळाली. "माझ्या ऑफिसात मला पगार देतात," एवढंच त्या म्हणायच्या.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या भावाने खोली सोडायचं ठरवलं. मुलगा बोरिवलीला ब्लॉक घेत होता, खोली सोडताना मिळणारी पागडी त्यात घालायची होती. नव्या घरात बाईंची सोय होत नव्हती. त्या सावंतवाडीला भाचीकडे जाणार असं कळलं, म्हणून मी सामान बांधायला गेलो. बाई ट्रंकेतून गठ्ठे काढून इमारतीतल्या लोकांना ज्याचे त्याला परत करत होत्या. तीस वर्षांच्या पावत्या. प्रत्येक गठ्ठ्यावर नाव.

सगळे वाटून झाले. ट्रंकेच्या तळाशी एक पातळ पाकीट उरलं.

"हे कोणाचं?"

"माझं."

आत शाळेचा दाखला होता आणि नोकरीचं पत्र. बस.

"खोलीचं काही?"

"खोली दादाच्या नावावर."

"पण भाडं तर तुम्ही भरत होता. मालकाकडे मीच कितीदा तुम्हाला जाताना बघितलंय."

"भरत होते. पावती दादाच्या नावाची." बाई दोरी ओढून गाठ मारत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. "मालक एकदा म्हणाला होता, बाई, तुमचं नाव पण घालू का? मी म्हटलं, कशाला? घरच्या माणसाकडे पावती काय मागायची, असं वाटायचं रे."

मी, ज्याचा गाळा त्यांनी कागद जमवून जमवून राखला, तो त्यांची ट्रंक खांद्यावर घेऊन जिना उतरत होतो. गल्लीतल्या सगळ्यांचं काही ना काही त्यांनी राखलं होतं. एस. टी. सुटली तेव्हा त्या खिडकीतून ओरडल्या, "या वर्षीची बिलं लावलीस का?" मी हो म्हणालो. खरंच लावली होती.

आता त्यांचं पोस्टकार्ड येतं. भाची चांगली आहे, असं प्रत्येक कार्डात लिहिलेलं असतं. इतक्या वेळा लिहिलेलं असतं की माझा जीव धास्तावतो. एखाद्या कार्डात, इथे खोली लहान आहे, असंही एक वाक्य येऊन जातं.

मोठं बोलायची मला भीती वाटते. आजही खाकी पाकीट आलं की मी ते फोडायला बायकोकडे देतो, आणि पोरांची शिक्षणं अजून व्हायची आहेत. पण माझा गाळा चालतोय, चार माणसं कामाला आहेत, आणि गेल्या वर्षापासून मी डोंबिवलीकडे एका खोलीसाठी थोडंथोडं बाजूला टाकतोय. कधी जमेल माहीत नाही. जमेल तेव्हा करारावर माझं नाव नसेल, माझ्या बायकोचंही नसेल. तिला सांगून ठेवलंय, ती हो म्हणाली आहे. बाई, त्या खोलीची पावती तुमच्या नावाची असेल, आणि ती घेऊन मी स्वतः सावंतवाडीला येईन. तुम्ही नको म्हणाल, मला ठाऊक आहे. तरी येईन.